सात सूत

माझी फूटपट्टी खोटी आहे.
तिचा फूट बाजारातल्या फुटाहून एक सूत लांब.
बीड निवताना आकसतं, म्हणून
उद्यमनगरातले आम्ही पॅटर्नवाले
सगळंच थोडं मोठं कापतो,
आणि कुणी विचारलं तर सांगतो, बरोबर आहे.

एकतीस वर्षं मी लाकडाचे पंप केले,
लाकडाच्या गिअरपेट्या, लाकडाचे वॉल्व्ह,
ज्यांतून कधी पाण्याचा थेंब गेला नाही.
वाळूत दाबायचे, ठोकायचे, अलगद उपसायचे.
मागे उरते ती पोकळी. धंदा तिचा.
लाकूड माळ्यावर धूळ खातं.

तर ही फळी.
सात फूट, पाइनची, आतून पोकळ,
सव्वीस फासळ्या, वरून रेझीनचे तीन हात.
एकही फासळी सरळ माणसासारखी नाही,
कारण उजवी कड लांब, शेपटाकडे निमुळती,
आणि डावी मध्येच आत वळते,
चावा घेतलेल्या भाकरीगत.
माझ्या डाव्या पायाची दोन बोटं
सत्त्याण्णव साली साच्याच्या पेटीखाली राहिली.
तो पाय टाचेवर भार घेतो.
मग दोन्ही कडा सारख्या कुणासाठी करायच्या?

शेपटाखालचा पंख इलाही शिकलगारानं ओतला,
स्कूटरच्या फुटक्या पिस्टनांचं ॲल्युमिनियम,
रात्रपाळीत, मालकाला न सांगता.
पायाला बांधायचा पट्टा यल्लाप्पानं विणला,
चपलेच्या वेणीसारखा, तीन पदरी.
"चामडं फुगतंय पाण्यात. एरंडेल पाज त्याला."
रोज रात्री पाजत बसलो.
बायको म्हणाली, पोरींना एवढं कधी पाजलं नाही.

गल्लीतून नेताना मगदुमांच्या म्हाताऱ्यानं
सायकल आडवी घातली:
"पाळणा हाय का तिरडी?"
म्हटलं, अजून ठरलं न्हाई.

समुद्र घाटाखाली, धाकटीच्या सासरी.
तिथं पोरं लाटेवर उभी बघितली
आणि दोन रात्री झोप नाही.
आमच्याकडे नदी. नदीला दसऱ्यानंतरचे आठ दिवस,
बंधाऱ्याला बरगे घालायच्या आधीचे.
तेव्हा तिसऱ्या गाळ्यातून पाणी उतरतं
आणि खाली एक लाट उभी राहते.
येत नाही, जात नाही.
म्हशी धुणारे तिला ओळखतात,
नाव मात्र कुणी ठेवलेलं नाही.

तीन दिवस पडलो.
चौथ्या दिवशी पडलो आणि चष्मा गेला.
इलाही ट्रकची ट्यूब घेऊन काठावर,
माझ्या वयाला शिव्या देत.

पाचव्या दिवशी उन्हं पुलावर येता येता
टाच बसली.
डावी कड पाण्यात रुतली,
चाव्याच्या जागेतून पाणी फुर्रकन निसटलं
आणि मी उभा.
नदी खालून पळत होती, मी तिथंच.
हे ओळखीचं होतं की!
लेथवर जॉब फिरतो, टूल थांबतं.
पंखामागून पाण्याचा पांढरा कीस
निघत होता, निघतच होता.

इलाही म्हणतो, अकरा सेकंद.
म्हशीच्या पाठीवरचं पोरगं म्हणालं,
"काका, तुम्ही तर जाग्यावरच हुता."
व्हय की.

बरगे बसले. लाट मिटली. पाणी तुंबून हिरवं झालं.
फळी माळ्यावर टाकवेना, दाराशी उभी केली.
काल लेकीच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन
उगाच मापली.
सात फूट, सात सूत.

हाताची सवय. खोट्या पट्टीनंच कापली होती.
हिला वाळूत जायचं नव्हतं,
हिच्यावरून काही ओतायचं नव्हतं.
मग कशाच्या आकसण्यासाठी
एवढी जागा सोडली मी?

इलाही म्हणाला, तासून टाक.
रंधा काढला. पात्याला धार लावली.
कडेवर एकदा टेकवलासुद्धा.

राहू दे. पुढच्या दसऱ्याला बघू.
पट्टा कोरडा पडलाय,
आधी त्याला तेल.