एकेचाळीस नंबरचा आवाज

यादीत चौसष्ट आवाज होते.
एकातही शब्द नव्हता.
भाल्याने मरणं. विषाने मरणं.
उंचावरून पडणं, आखूड.
उंचावरून पडणं, लांबलचक.
उडी, दम लागणं, पुन्हा भाल्याने मरणं.

मॉन्ट्रियल, फेब्रुवारी, बाहेर उणे चोवीस.
सोलांज पेल्तिए बूट काढून
लोकरी मोज्यांवर काचेपलीकडे उभी राहिली.
वय सत्तेचाळीस, गळ्यात दोरीचा चष्मा.
पडद्यावर ती, जिला आवाज द्यायचा:
घोट्यापासून गळ्यापर्यंत लोखंड,
मधे पोट तेवढं उघडं,
जणू बाणाला बेंबीची भीड पडते.
तिची कंबर नेमकी कुठल्या बाजूला वळलीय
हे मला खेळ संपेपर्यंत कळलं नाही.

छान, ल्युडोविक म्हणाला, पण मरताना जरा गोड.
ती जरा गोड मेली.
अजून थोडं श्वासातून.
ती श्वासातून मेली.
मी अलीकडे बसून कापत होते
सुरुवातीची थुंकी, शेवटची धाप,
पोटात गुरगुरलं तेसुद्धा,
कारण जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती.

गेल्या आठवड्यात बास्तियें येऊन गेला, नायकाचा आवाज.
तो रेकला, खाकरला, कुंथला,
एकदा चक्क ढेकर दिली.
ठेवली आम्ही ती ढेकर.

एकेचाळीस: दगडी दार ढकलणं.

सोलांज थांबली. पाणी प्यायली.
मग भिंतीला खांदा लावला, गुडघे वाकवले,
आणि निघाला तो गळ्यातला नव्हता.
हंऽऽ
बेंबीच्या देठापासून म्हणतात ना, तसा,
पण पडद्यावरच्या त्या बेंबीच्या नव्हे,
कुठल्यातरी दुसऱ्या, जाड स्वेटरखालच्या.
माझा काटा तांबड्यात गेला.

आई, ती म्हणाली. गास्पेला, मासळीच्या कारखान्यात
कॉडची खोकी उचलायची. बावीस वर्षं.
आम्ही शाळा सुटली की बाहेर उभ्या राहायचो.
काचांवर वाफ, दिसायचं काही नाही.
आवाजावरून ओळखायचो
कुठली आई, किती जड खोकं.

ल्युडोविक म्हणाला, हे म्हातारं वाटतंय.
(तो वाईट माणूस नाही.
सगळ्यांसाठी सूप त्यानेच मागवलं होतं.)
पुन्हा घेतलं. पुन्हा. पुन्हा.
शेवटच्या वेळी ती दार ढकलताना लाजत होती.
तो पास झाला.

फाइलींना नावं मी देते.
त्या रात्री माझा हात चुकला.
चुकला असंच म्हणा.

खेळ बाजारात आला.
तिसऱ्या तळघरात ती उघड्या पोटाची पोरगी
दाराला खांदा लावायची
आणि तिच्यातून कारखान्यातली बाई निघायची.
लोक म्हणाले, गाय व्याली की काय.
लोक म्हणाले, सगळी मजाच गेली.
माझा भाचा खेळत होता, तेव्हा बहीण
साबणाच्या हातांनी आतून धावत आली:
कोण काय उचलतंय रे?

अकराव्या दिवशी दुरुस्ती आली.
आता दार हात लागायच्या आधीच उघडतं.

माझ्याकडे जुनी प्रत आहे,
इंटरनेटची वायर उपसून ठेवलेली.
कधी रात्री अंगणातला बर्फ ओढून येते,
पाठ धरलेली, बूट तसेच पायात,
आणि तिला घेऊन त्या तळघरात उतरते.
दारापलीकडे काय आहे ते मला ठाऊक आहे:
थोडं सोनं, एक झोपलेला अजगर.
आम्ही आत जात नाही.
चार पावलं मागे येतो,
खांदा लावतो,
हंऽऽ