वरचे दहा

जेल रोडला आमचं पिको-फॉलचं दुकान होतं
आणि गिऱ्हाईक सगळं पुरुषांचं.
यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

प्रेसची पाळी सुटली की यायचे
गांगुर्डे, पगारे, एका डोळ्याने अधू शिरसाठ.
दिवसभर कोऱ्या नोटांच्या थप्प्या मोजून,
गेटवर खिसे उलटे करून दाखवून,
आईच्या हातावर मळकी दोनची नोट ठेवायचे :
"हौसाताई, सत्त्याला लावा. ओपन."
आई मशीन थांबवायची नाही.
आकडा लिहायची पेपर-कटिंगच्या पाठीवर,
छत्तीस छातीच्या ब्लाउजमागे
अख्ख्या उपनगरचं नशीब.

स्वप्नात साप आला तर किती,
मेलेला सासरा आला तर किती,
तिला तोंडपाठ.
स्वतः कधी पाच पैसे लावले नाहीत.
"हलवायानं पेढे खाऊ नयेत," म्हणायची
आणि दोरा दाताने तोडायची.

आकडा फुटला की पानवाल्याकडे फोन यायचा.
मी तो घेऊन यायचे पळत,
तोंडात पाणी धरल्यासारखी,
वाटेत कुणाशी न बोलता.

पगारेची बायको यायची कधी भर दुपारी,
शिवायला काही न आणता.
आई तिला पिठाचा डबा भरून द्यायची.
ती घ्यायची.
दोघी एकमेकींकडे बघत नसत.

तिसरीत आव्हाड बाईंनी फळ्यावर घातलं :
तीन अधिक पाच अधिक आठ.
मी लिहिलं, सहा.
"अगं, सोळा! वरचे दहा कुठे गेले?"
घरी येऊन विचारलं. आई हसली नाही.
"वरचे दहा वरच्यांना," म्हणाली
आणि हवालदाराचं पाकीट
त्याच्याच बायकोच्या ब्लाउजच्या घडीत सरकवलं.

ती गेली बिटको दवाखान्यात, पहाटे.
दहाव्याला गांगुर्डे काका आले काठी टेकत,
बशीत ओतून चहा घेतला,
तिच्या मशीनकडे बघत राहिले.
मग हळूच : "किती वाजता म्हणे?"
"चार वीस."
त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला.
माझाही.
दोन, चार, शून्य.
पान्यात शून्य सगळ्यांत मोठं,
ते शेवटी लिहायचं, तिनंच शिकवलेलं.

सहा.
या वेळी वरचे दहा
नव्हतेच.