दुसरा खांब

माझे वडील, काल्मातक,
चोवीस वर्षं सरकारी दोरी सांभाळत होते.
दोरीला एक गाठ होती.
गाठीपर्यंत एक झेंडा, गाठीपर्यंत दुसरा.
इंग्रजांचा बोटभर वर गेला की फ्रेंचांचं पत्र यायचं,
फ्रेंचांचा गेला की इंग्रजांचं.
वडिलांना दोन्ही वाचता येत नसत.

बेट एक, साहेब दोन.
पोलीस दोन, इस्पितळं दोन, तुरुंगही दोन;
एकात शिस्त चांगली, दुसऱ्यात जेवण,
चोर विचार करून चोरी करायचे.
आम्ही मात्र कुणाचेच नव्हतो.
धाकटा काका जहाजावर कामाला लागला
तेव्हा सिडनीच्या धक्क्यावर त्याला विचारलं, देश कुठला?
त्याने समुद्राकडे बोट केलं.
तीन दिवस बसवून ठेवला.
म्हणायचा, त्या तीन दिवसांत कळलं, आपल्याला देशच नाही;
त्याआधी वाटायचं, नाव तेवढं माहीत नाही.

ऐंशी सालच्या जुलैत
वडिलांनी दोन्ही झेंडे उतरवले, रीतसर घड्या घातल्या.
कोणता आधी उतरवला म्हणून
या वेळी कुणाचंच पत्र आलं नाही.
ते आठवडाभर वाट बघत होते, आई सांगते.
काकाची तार आली: नाव कळलं. वानुआतू.
नव्या झेंड्याला एकच खांब पुरला.
दुसरा आमच्या परसात आला, नऊ जणांच्या खांद्यांवरून,
आणि आईने त्याच्या बुडाशी कोनफळ लावलं.

मी आता बंदर खात्यात आहे.
पंखा यांचा, टेबल त्यांचं, खुर्ची आणखी कुणाची,
प्रत्येकावर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी.
पुसताना ओलं फडकं तेवढं लावायचं नाही.
पाहुणे येतात. हसून येतात.
एकाने गस्तीची बोट दिली, इंधन नाही दिलं.
एकाने मैदान बांधलं; अख्खं बेट नेऊन बसवलं
तरी निम्म्या खुर्च्या रिकाम्या.
'मित्र' हा शब्द मला आता सहा भाषांत येतो
आणि सहाही भाषांत त्याला व्याज लागतं.

नवा धक्का तीनशे साठ मीटर.
एका संध्याकाळी मी वडिलांची दोरी घेऊन गेले,
वेडेपणा म्हणा,
दोरी टाकत, उचलत, वाकत, टोकापर्यंत.
आमचं सगळ्यात लांब जहाज, खोबरं नेणारं,
सात दोऱ्यांत संपतं.
धक्का साठाव्या दोरीला संपला.
कुणाच्या मापाने शिवलाय हा अंगरखा?
कंबर दुखत होती. तिथेच बसून राहिले.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी
दूतावासाचा एक तरुण आला, नम्र, घामाघूम.
म्हणाला, आमच्या झेंड्यासाठी खांब हवाय,
तुमच्याइतकाच उंच. ऐकलंय, तुमच्या घरी आहे एक.
मी त्याला परसात नेलं.
वेल टोकाशी पोहोचून,
पुढे जागा नाही म्हणून खाली वळला होता.
शहाळं फोडून दिलं त्याला.
म्हटलं, काढणीला चार महिने आहेत.
तो म्हणाला, वेल कापता येईल.
म्हटलं, येईल की.
आई केवड्याची चटई विणता विणता
आमच्या भाषेत काहीतरी बोलली.
त्याने विचारलं, काय म्हणाल्या?
पाऊस येईल म्हणतेय, मी म्हटलं.
ती तसं म्हणाली नव्हती.

शेवटी त्यांनी स्वतःचाच खांब आणला,
पोलादी, जहाजातून,
आमच्याहून हातभर उंच.
कुणी पत्र लिहिलं नाही.
करारावर सही माझीच आहे, पान एक्केचाळीस.

त्या रात्री दोरी काढली,
जुन्या गाठीच्या वर, हातभर अंतरावर,
आणखी एक गाठ मारली.
कशासाठी, ते अजून ठरवलेलं नाही.