शेऱ्याचा रकाना

घर क्रमांक दोनशे चौदा.
वसमतच्या रस्त्यावरून आत वळलं की
हळद शिजवायच्या कढया लागतात, त्यांच्या मागचं.
प्रश्नावली सत्तावीस पानांची, पेन विद्यापीठाचं.
संमतीपत्रावर धुरपताबाईंनी अंगठा टेकवला
तर शाईआधी हळदच उमटली.

मागच्या सात दिवसांत तूरडाळ किती?
"सात दिसांचं कुठं ध्यानात ऱ्हातं पोरी, कालचं इचार."
काल?
"काल नव्हती."
मी शून्य लिहिलं. पुढे टिंब आणि आणखी दोन घरं होती,
तीही भरली.

टीव्ही आहे?
आहे. कोपऱ्यात, काच निघालेला,
आणि आत एक कोंबडी, खुडूक बसलेली.
"अकरा हायेत खाली," धुरपताबाई हळूच म्हणाल्या,
आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं.
फॉर्मवर चौकोन दोनच: आहे, नाही.
मी 'आहे'वर खूण केली.
टीव्हीला चार गुण. तेवढ्यानं
धुरपताबाई रेषेच्या वर गेल्या,
बसल्या जागी, पाय पसरून.

मग त्यांनीच विचारलं, "आमाला काय भेटनार?"
हा प्रश्न सत्तावीस पानांत नव्हता.
उत्तर मात्र प्रशिक्षणात पाठ करून घेतलं होतं:
चिठ्ठ्या टाकून गावं निवडली.
चाळीस गावांत दर घरी पाच कोंबड्या, एक खुराडं,
शिकवायला एक ताई.
उरलेल्या चाळीस गावांत काही नाही.
फक्त मोजायचं, दोन वर्षं.
म्हणजे मग फरक कळतो.
"म्हंजे आमी फरक," त्या म्हणाल्या
आणि हसल्या, कोडं सुटल्यासारख्या.

कोंबडी कुठून आणली? (पान अठरा.)
"मह्या लेकीनं देली. चिठ्ठी निघालेल्या गावात नांदती.
यष्टीत घेऊन आली पिशवीतून, वरून पदर टाकून.
कंडक्टर म्हने, लेकराचं अर्धं तिकीट काढा."

आमचे सर याला गळती म्हणतात.
दिलेलं दिलेल्या गावातच राहायला हवं,
नाहीतर आकडे एकमेकांत मिसळतात
आणि गरिबी कशानं हटली ते सांगता येत नाही.
सरांचं चुकत नाही.
मी वसतिगृहाच्या पंख्याखाली रात्रभर शोधलं,
कुठेच चुकत नाही.
मला एका फॉर्मचे साठ रुपये मिळतात,
त्यातले चाळीस दर महिन्याला घरी जातात.
आईला कुणी विचारलंय का,
पान अठरा?

दोनशे चौदाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना आहे,
दीड बोट उंच. खाली बारीक अक्षरात:
शक्यतो कोरा ठेवावा.
मी लिहिलं:
गळती आहे. टीव्हीत बसली आहे.
एकवीस दिवस भरायला अजून नऊ.
पुन्हा भेट द्यावी.