नऊशे ऐंशी ग्रॅम

रावपुऱ्यात किरीटभाईंनी
तीन ट्रायपॉड काचेवर उभे केले.
कार्बनचा मी करंगळीवर तोलला,
किंमत ऐकली, खाली ठेवला.

हा ॲल्युमिनियमचा: नऊशे ऐंशी ग्रॅम.
पाय पाच टप्प्यांत मिटतात,
बुटक्या छत्रीएवढा होतो.
शेवटची नळी मात्र पेन्सिलीइतकी;
टिचकी मारली,
तर कितीतरी वेळ थरथरत राहिला.

'पावागडावर वारा असतो, बेन,' ते म्हणाले,
'मधल्या हुकाला पिशवी अडकवा. दगड भरून.'

म्हणजे सहा टाक्यांच्या या गुडघ्यासाठी
इथे ग्रॅम-ग्रॅम कमी करायचा,
आणि वर पोचल्यावर
गडाकडूनच वजन उसनं घ्यायचं.

घेतला.
दांडिया बाजारात घरी येऊन
सॅक भरायला बसले:
सगळ्यात आधी
भाजीची एक रिकामी पिशवी.