चुना

मॅचच्या दिवशी पहाटे साडेचारला मी मैदानात असतो.
दोन गोणी चुना, सुतळीचा गुंडा, बूड गळका चाकाचा डबा.
रेघ सरळ आली तर कोणी काही बोलत नाही,
वाकडी आली की सारा मोहटोला बोलतो.
गोलकीपर निलकंठ मडावीचंही तसंच.

टीम पगारी आहे, पेपरमिलच्या पैशावर चालते.
विंगर मणिपूरचा, स्टॉपर कामठीचा,
मडावी तेवढा इथला, तलावापलीकडच्या टोलीवरचा,
म्हणून त्याला शिव्या घरच्या बसतात.

बाहेरगावी आम्ही जिंकतो.
अकोल्याला, गोंदियाला,
एकदा तर पार कोल्हापुरात जाऊन दोन गोल मारून आलो.
घरी हरतो.
तीन वर्षांचा हा हिशेब मी डब्याच्या झाकणावर
खिळ्यानं कोरून ठेवलाय.

पत्र्याच्या खोलीतून पोरं बाहेर येतात ना,
तेव्हाच दमलेली असतात.
एकाच्या बुटात सरपंचानं बोललेला नवस,
एकाच्या मोज्यात किराणावाल्या जयस्वालची पैज,
आणि मडावीच्या ग्लोव्हजमध्ये
धानाच्या बांधीतून कंबर सरळ करत
मावशीनं टाकलेलं एक वाक्य:
"पोट्ट्या, आज इज्जत राखजो."
एवढं हातात धरल्यावर
बॉल कुठं मावणार?

मग सुपडा बोरकुटेच्या पानठेल्यावर बैठक झाली.
रिटायर कुंभारे गुरुजी म्हणाले,
"आपणच भारी होऊन रायलो त्यायले.
या खेपेला आवाज काढाचा नाही."
तोंड बंद राहावं म्हणून
सुपडानं चारशे खर्रे घोटले, फुकट.
त्यातला चुना अन् माझ्या गोणीतला चुना,
भट्टी एकच.

त्या दिवशी पहिल्यांदा
मला मैदान ऐकू आलं.
बुटांचे खिळे. सिमेंटच्या मालगाडीचा लांबवर डबा-डबा.
मडावी ओरडला, "मागं पाय, मागं!"
तर ते पत्र्यावर आपटून त्याच्याकडंच परत आलं.
पोरं छान खेळली, खोटं कशाला बोलू,
पण घरात कोणी आजारी निजलंय
अन् भांडं वाजू द्यायचं नाही,
तशी.

त्रेसष्टाव्या मिनिटाला विंगरनं रिकाम्या गोलवरून बॉल उडवला.
सवयीनं त्यानं आमच्याकडं पाहिलं,
शिवीसाठी.
कोणी दिली नाही.
तो तसाच उभा, हात लोंबकळत,
पुढचा बॉल त्याच्या पायाजवळून गेला
तरी त्याला कळला नाही.

शेवटी पेनल्टी. चंद्रपूरवाल्यांना.
मडावीनं एकदा मान वळवली.
चारशे फुगलेले गाल.
त्यानं डावीकडं झेप टाकली,
बॉल सरळ मधून गेला,
जिथं तो नुसता उभा राहिला असता तरी चाललं असतं.

मी सुतळी गुंडाळत होतो. तो आला,
ग्लोव्हज काखेत.
"काका, गावात कोणी गेलं का?"
माझ्या तोंडात खर्रा.
थुंकलो तर नेमकं गोलच्या रेघेवर पडलं,
पांढऱ्यावर लाल.
म्हटलं, "नाही रे बापा."
"मंग असे काऊन बसले होते सारे?
मले वाटलं, सोडलं तुमी आमाले."
यावर मला काही सुचलं नाही.
त्यानंच बुटानं माती ओढून
ते लाल झाकलं.

रविवारी पुन्हा घरची मॅच आहे.
किती ओरडायचं, कोणी ओरडायचं,
ते ठरवायला पानठेल्यावर आज पुन्हा बैठक.
गुरुजींचा निरोप दोनदा येऊन गेला.
मी जात नाही.
मला गोलपुढची रेघ धरायची आहे नीट.
मागच्या खेपेला मडावीच्या पायाखाली
चार बोटं वाकडी आली होती ती,
आणि कोणी काहीच बोललं नाही.