हवेतला बांध

कंपनीच्या नकाशात हे खोरं जांभळं आहे.
जांभळं म्हणजे चार दांड्या, म्हणजे घरात बसून बोला.
मोखोत्लाँग सोडलं तेव्हा गाडीच्या टपावर अँटेना होता,
माझ्या मांडीवर मोजणीचं यंत्र,
आणि मागे लेकेत्सो, दोन महिन्यांचा नवा कारकून,
वळणावळणाला ओकारी गिळत विचारणारा:
मॅडम, आपलं खातं नेमकं काय राखतं?

हवा, म्हटलं.
म्हणजे हवेतले बांध.

जमिनीचा बांध कोरला तर माती उघडी पडते,
शेजारी कुदळ घेऊन दारात येतो.
हवेतला बांध कुणी कोरला
तर फक्त एका बाईचं बोलणं मध्येच तुटतं,
आणि तिला वाटतं, पोरानेच फोन ठेवला.

खोऱ्यात आकडा आला: उणे एकशे अकरा.
विहिरीच्या तळातून कुणी कुजबुजावं, तेवढा.
त्याच क्षणी माझ्या मोबाइलवर
कड्यापलीकडच्या देशाने माझं स्वागत केलं.
त्यांचा मनोरा आमच्या अंगणात तोंड घालतो
शेजाऱ्याच्या सुटलेल्या बैलासारखा.
त्याच्यावरून बोललं की परदेशी दर.
एक मिनिट म्हणजे एका वेळचं मक्याचं पीठ.

मामपोईने आधी ज्वारीची आंबील दिली, मग टेकडी दाखवली.
वर चुना फासलेला एक सपाट दगड.
इथे उभं राहायचं, डावा खांदा दरीकडे,
आणि वारा आला तर ब्लँकेट डोक्यावरून.
त्सेलिसो तिकडे रुस्टेनबर्गच्या खाणीत,
रविवारी फोन करतो.

नातवाच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानांवर,
तिने लिहून ठेवलं होतं फोन कुठे तुटला ते.
मिनिटं नाहीत. शब्द.

*आठ जून. "बाळाचं नाव आम्ही"*
*पंधरा जून. "पैसे पाठवले असते पण"*
*एकोणतीस जून. "डॉक्टर म्हणतो की"*

पुढच्या रविवारपर्यंत, ती म्हणाली,
मी ते वाक्य सात वेळा पुरं केलं.
सातही वेळा तो मेला.

माझ्या फॉर्मवर रकाने आहेत:
अक्षांश, रेखांश, तीव्रता, परवानाधारक.
सगळ्यात शेवटी शेरा, बोटभर जागा.
लेकेत्सोने तिथे बारीक अक्षरात
तिन्ही वाक्यं उतरवली. मी खोडली नाहीत.

मासेरूला सुनावणी झाली.
कंपनीचा वकील म्हणाला, डोंगर आडवा येतो, महोदय.
अध्यक्ष रामाखुलांनी चष्मा पुसला, पुसतच राहिले.
म्हणाले, परवाना घेतलात तेव्हा डोंगर कुठे गेला होता?
आम्ही हसलो. वकीलही हसला.
दंड झाला. अपील झालं. दंड निम्मा झाला,
आणि जो भरला तो तिजोरीत गेला,
टेकडीवर नाही.

कुंपणच शेत खातं, असं लोक म्हणतात तेव्हा
मी मान खाली घालते.
माझा पगार याच कंपन्यांच्या शुल्कातून येतो.
जांभळ्या रंगावर सही आमच्याच कुणीतरी केली होती,
खुर्चीत बसून, खोऱ्यात न उतरता.

तरी परवान्याचं चौदावं कलम होतं.
कंटाळवाणं, अडीच ओळींचं, कुणी न वाचणारं कलम.
त्याला धरून आम्ही पत्रं पाठवत राहिलो.
अकरा पत्रं. सात महिने.

मार्चमध्ये पुन्हा गेले. खाली नवा मनोरा,
त्याच्या पायथ्याशी मेंढ्या सावली शोधत होत्या.
उणे ब्याऐंशी.
दगडावरचा चुना पावसाने उतरला होता.

मामपोई चुलीपाशी बसूनच बोलते आता.
पोरगा पूर्वीपेक्षा कमी बोलतो, तिची तक्रार.
त्यावर आमच्याकडे कलम नाही, मी म्हटलं.
तिने वही पुढे सरकवली.
शेवटच्या पानावर एकच नोंद होती:

*दोन मार्च. "बरं, ठेवतो आता."*
*ठेवला.*